स्क्रीनवरची दोन बटणं

मुंगी, म्हणजे माझी मुलगी, आणि मी आमच्या गाडीत नऊ मिनिटं अडकलो होतो. नऊच. सासूबाई म्हणतात, "नऊ मिनिटांचं किती दिवस पुरवशील?" त्यांचं अगदीच चुकत नाही. पण मी संख्याशास्त्र शिकलेली बाई आहे. कुठलाही आकडा लहान की मोठा हे तो कशाशेजारी ठेवता त्यावर ठरतं, आणि दीड वर्षाच्या मुलीच्या रडण्याशेजारी नऊ मिनिटं ठेवून पाहा म्हणावं.

झालं होतं असं. दवाखान्यातून लस टोचून बाहेर आलो. मुंगीला मागच्या छोट्या खुर्चीत बांधलं, मी पुढे बसले, दार ओढलं. टक्. चारही दारं आपोआप लॉक. किल्ली फिरवली तर गाडी मेलेली. काचेची बटणं मेलेली. आतली कडी ओढून ओढून माझं नख तुटलं. ऊन अगदी समोरून येत होतं. मी दोन्ही हात काचेवर आपटत होते तेव्हा औषधांची पिशवी घेतलेले एक गृहस्थ शेजारून गेले. त्यांना वाटलं मी टाटा करतेय. त्यांनी हसून हात हलवला. मागून मुंगीनेही रडता रडता त्यांना टाटा केला, कारण आठवड्यापूर्वीच मी तिला ते शिकवलं होतं.

नवव्या मिनिटाला पुन्हा टक्. दारं उघडली, गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तू घाबरून चुकीचं काहीतरी दाबलं असशील." माझा नवरा कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. जगातली प्रत्येक गोष्ट नीट बसवली की बसते, असं त्याला मनापासून वाटतं.

तीन आठवड्यांनी कंपनीची नोटीस आली. आमच्या मॉडेलच्या काही गाड्यांत दारांचं नियंत्रण करणारा भाग उष्णतेने बिघडू शकतो, तरी गाडी वर्कशॉपला दाखवावी, भाग मोफत बदलून मिळेल. मी ती नोटीस फ्रिजवर लावली. नवऱ्याने वाचली, आणि त्या दिवशी भांडी त्याने घासली.

वर्कशॉप म्हणजे आमचं घरचंच म्हणायचं. माझे धाकटे दीर तिथे सर्व्हिस अॅडव्हायझर आहेत. म्हणजे गाडी आणणाऱ्याचं ऐकून घ्यायचं, कागद करायचे आणि शिव्या खायच्या. मी मुंगीला कडेवर घेऊन गेले. भाऊजींनी गाडीचा नंबर घातला आणि म्हणाले, "वहिनी, भाग आलेला नाही. कधी येईल तेही सांगत नाहीत. तोपर्यंत एकच करायचं, पुढची काच चार बोटं उघडी ठेवायची. म्हणजे हवा येते, आणि ओरडलं तर बाहेर ऐकू जातं."

"हा उपाय आहे?"

"कंपनीचं परिपत्रक आहे."

"चार बोटं कुणाची, माझी की तुमची?"

"कंपनीने बोटं पण पाठवायला हवी होती," ते म्हणाले, आणि टॅब पुढे केला. "इथे सही कर. बोटानेच."

मुंगी माझे केस ओढत होती. मी विचारलं, "कसली सही?" "काही नाही गं, गाडी येऊन गेली एवढंच." मी बोट फिरवलं. ती सही माझी वाटतसुद्धा नव्हती, वाटेत मेलेल्या गांडुळासारखी होती.

त्या दिवसापासून मी मुंगीला त्या गाडीत बसवलं नाही. दवाखान्यात बसने, बाजारात चालत. प्रत्येक वेळी मी झोळी बांधायला लागले की सासूबाई दारातल्या गाडीकडे एकदा बघत आणि एकदा माझ्याकडे.

मी वाट बघत राहिले. सरकारच्या वाहन सुरक्षा कार्यालयाच्या संकेतस्थळावर गाडीचा चासी नंबर घातला की रिकॉलचं, म्हणजे परत बोलावलेल्या गाडीचं, काय झालं ते दिसतं, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. तेव्हा तीन महिने झाले होते. मी नंबर घातला. हिरव्या अक्षरांत आलं: उपाय पूर्ण.

मी तो नंबर चार वेळा घातला. मग भाऊजी कामावरून आल्यावर चहा दिला आणि मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी पाहिलं, आणि कप खाली ठेवला. "वहिनी, ओरडू नकोस. आमच्या स्क्रीनवर दोनच बटणं आहेत. एक 'पूर्ण', दुसरं 'ग्राहकाचा नकार'. 'भाग नाही' असं बटणच नाही. गाडीची नोंद संध्याकाळपर्यंत बंद नाही केली तर सकाळच्या बैठकीत माझ्या नावापुढे लाल रेघ. नकार दाबला तर तुला कधीच भाग मिळाला नसता. म्हणून पूर्ण दाबलं. सगळेच दाबतात."

"आणि पूर्ण दाबल्यावर भाग मिळतो?"

त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. पूर्ण झालेल्या गाडीसाठी कोण भाग मागवणार?

"किती जणांचं दाबलंत?"

"मोजले नाहीत." मग चहाचा घोट घेऊन, "एकशे सव्वीस." मोजले होते.

मी तेव्हा ओरडले नाही. भाऊजी वाईट माणूस नाहीत हो. मुंगीला पहिल्यांदा ताप आला तेव्हा नवरा गावाला होता, आणि हेच मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले होते. घरातलं बोलणं घरात राहावं, एवढंच त्यांनी मागितलं. मी हो म्हटलं.

त्याच महिन्यात सगळीकडे तोच विषय सुरू झाला. दुसऱ्या एका शहरात अशाच गाडीत एक आजोबा अडकले आणि बेशुद्ध सापडले. सुरक्षा कार्यालयाने कंपनीची चौकशी लावली. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडू लागली. कंपनीचा माणूस म्हणे, चौऱ्याण्णव टक्के गाड्यांचा उपाय पूर्ण झालेला आहे. एक पुढारी म्हणे, सरकार असंच उद्योगांच्या मागे लागलं तर कारखाने दुसरीकडे जातील, मग तुम्ही बसा चाकं फिरवत. दुसरा म्हणे, कार्यालय आजवर झोपलं होतं का. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर दोन तट पडले. तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर लिहायचे, "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, त्यात कंपनीचा काय दोष?" त्यांची स्वतःची गाडी त्याच मॉडेलची होती, आणि काच चार बोटं उघडी ठेवून ते ती लावत असत. त्यात मांजर जाऊन बसायचं.

मी चौऱ्याण्णव हा आकडा ऐकायचे आणि टीव्हीचा आवाज बंद करायचे. कारण त्या चौऱ्याण्णवात मी होते. माझं गांडूळ होतं.

मग एका दुपारी फोन आला. आवाज इतका गोड की आधी मला वाटलं शाळेच्या प्रवेशाचा असावा. "ताई, मी कंपनीच्या ग्राहकसंबंध विभागातून बोलते. तुम्ही तर आमच्या कुटुंबातल्याच. पुढच्या मंगळवारी सुरक्षा कार्यालयात खुली सुनावणी आहे. ज्यांचा उपाय पूर्ण झाला अशा काही समाधानी मालकांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती आहे. एक लहान बाळाची आई असली तर फार छान वाटेल."

"माझं नाव कुणी दिलं?"

"तुमच्या दिरांनीच, ताई."

संध्याकाळी मी भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. सासूबाई मटार सोलत होत्या. नवरा दाराला टेकून उभा होता.

"साहेबांनी प्रत्येकाकडून तीन नावं मागितली," भाऊजी म्हणाले. "वहिनी, बाहेरच्या कुणाला विचारायची लाज वाटली. घरचं माणूस म्हणून तुझं दिलं. तुला खोटं बोलायचं नाहीये. 'मला उपाय समजावून सांगितला' एवढंच म्हण. सांगितला होता की नाही?"

"सांगितला होता."

"मग झालं तर!"

"आणि नाही गेले तर?"

"तर साहेब विचारणार, घरची वहिनीच का येत नाही."

सासूबाईंनी मटारची शेंग फोडली. "तीन वर्षांनी पोरगं कायम झालंय. एक वाक्य बोलायला जीभ झिजत नाही."

नवरा म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ." एरवी मी हसले असते. कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या तोंडी ही म्हण म्हणजे. पण तो हसत नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

मी चार दिवस ते वाक्य मनात घोळवलं. मला उपाय समजावून सांगितला. एकही शब्द खोटा नव्हता. गाडीचं दारसुद्धा असंच नव्हतं का? कुठे मोडलेलं नाही, कुठे चरा नाही, फक्त आतून उघडत नाही.

मंगळवारी भाऊजींनीच मला नेलं. गोड आवाजाच्या बाईंनी कळवलं होतं, स्वतःच्या गाडीने या, दारात फोटो काढू. मुंगीला सासूबाईंकडे ठेवलं. वाटेत मी काच चार बोटं खाली केली. भाऊजींनी ते पाहिलं आणि रेडिओ लावला.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांबट दालन होतं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, एकमेकींना क्लिपने जोडलेल्या, त्यामुळे एकजण हलला की सगळी रांग हलायची. समोर तीन अधिकारी. मधल्या बाई वयस्कर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. डावीकडे कंपनीचे वकील, मागे पत्रकार. भाऊजी तिसऱ्या रांगेत त्यांच्या साहेबांशेजारी बसले. माझ्याआधी दोन मालक बोलले. दोघांनीही कंपनीचे आभार मानले. मग लहान बाळाची आई म्हणून माझं नाव पुकारलं.

माइक माझ्या उंचीपेक्षा वर होता. मी टाचा उंचावून म्हटलं, "मला उपाय समजावून सांगितला."

"धन्यवाद," वकील म्हणाले. मी वळले.

"एक मिनिट," मधल्या बाई म्हणाल्या. "आज कशाने आलात?"

"गाडीने."

"त्याच गाडीने?"

"हो. दिरांनी आणलं."

"मुलगी कुठेय?"

"घरी. सासूबाईंकडे."

"इतक्या लहान मुलीला घरी ठेवून आलात. बरोबर नाही आणलीत?" त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. शेजारची बाई विचारेल तसं त्यांनी विचारलं.

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. चार दिवस मी त्या एका वाक्याच्या आजूबाजूला कुंपण घालत होते, आणि प्रश्न भलतीकडूनच आला.

"मी तिला त्या गाडीत बसवत नाही," मी म्हणाले.

"केव्हापासून?"

"वर्कशॉपला दाखवून आणली तेव्हापासून."

"म्हणजे उपाय पूर्ण झाल्यावर?"

रांग हलली. खुर्च्या कुरकुरल्या. मी भाऊजींकडे पाहणार नव्हते, तरी पाहिलंच. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"भाग बदललेला नाही," मी म्हटलं. "भाग आलाच नव्हता. काच चार बोटं उघडी ठेवायला सांगितलं."

वकील उठले. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. "आईची काळजी आम्ही समजू शकतो. पण ही सही तुमची आहे?" पडद्यावर माझं गांडूळ दिसलं, हाताएवढं मोठं. "इथे 'उपाय पूर्ण' लिहिलंय. तुम्ही पदवीधर आहात. न वाचता सही केलीत?"

मागे कुणीतरी हसलं.

"मुलगी कडेवर होती."

"म्हणजे चूक तुमची, किंवा ज्याने ही नोंद केली त्याची. कंपनीची कशी?"

इथे मी थांबायला हवं होतं. नवरा नंतर तेच म्हणाला, भाग नाही एवढं सांगितलंस ते ठीक, तिथे थांबायचं होतं. पण त्या माणसाने 'ज्याने ही नोंद केली त्याची' म्हटलं आणि माझं डोकं तापलं. मला वाटलं मी भाऊजींची बाजू घेतेय. देवाशपथ, मला तसंच वाटलं.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "त्यांच्या स्क्रीनवर दोनच बटणं आहेत. पूर्ण आणि नकार. भाग नाही असं बटणच नाही. ते तिसरं काय दाबणार? सगळेच पूर्ण दाबतात. तुमचे चौऱ्याण्णव टक्के तसेच आलेत."

मागे सगळे पत्रकार एकाच वेळी लिहायला लागले.

"हे तुम्हाला कसं माहीत?" वकिलांनी विचारलं.

मी माइकपासून मागे सरकले. पण आता सरकून काय उपयोग? तिसऱ्या रांगेत साहेबांनी आपली खुर्ची भाऊजींच्या खुर्चीपासून दूर सरकवायचा प्रयत्न केला. क्लिपमुळे ती सरकली नाही.

परत येताना भाऊजींनी गाडी चालवली. रेडिओ लावला नाही. सिग्नलला थांबल्यावर फक्त एकदा म्हणाले, "चहा पिता पिता सांगितलं होतं गं मी."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे मी रागावलो नाही. फक्त सांगतोय, कुठे सांगितलं होतं ते."

त्यानंतरचा आठवडा भराभर गेला आणि मुळीच गेला नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत 'दोन बटणं' हेच शब्द होते. टीव्हीवरच्या चौकटी चारच्या सहा झाल्या. पुढारी म्हणाले, एका घाबरट गृहिणीच्या बोलण्यावर धोरणं ठरणार का. तळमजल्यावरच्या मास्तरांनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, पण जिन्यात मला अडवून हळूच विचारलं, "तो चासी नंबर कुठे लिहिलेला असतो हो?" मी दाखवला. त्यांचंही पूर्ण होतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या गाडीचं हिरवं जाऊन तिथे लाल 'बाकी' आलं, आणि पाचव्या दिवशी कंपनीचे दोन मेकॅनिक चक्क घरी येऊन भाग बदलून गेले. इतकं झटपट. बदललेल्या भागाचा फोटोही काढला. मला हवं होतं ते मला मिळालं. त्याच दिवशी भाऊजींना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

तेव्हापासून ते घरीच होते. तीन खोल्यांच्या घरात पाच माणसं, आणि त्यांतलं एक दिवसभर खिडकीशी. सासूबाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या. अगदीच थांबल्या असं नाही, मुंगीमार्फत बोलायच्या. "मुंगे, तुझ्या आईला सांग, नळ वाहतोय." "मुंगे, तुझ्या आईला म्हणावं, आता खुशाल फिरा गाडीतून." मुंगी "आता" एवढंच पकडायची आणि ते दिवसभर म्हणत बसायची. नवरा कामावर जाताना कानात सांगायचा, थोडे दिवस आईसमोर फार येऊ नकोस. स्वयंपाकघर एकच, न्हाणीघर एकच. मी समोर न येऊन जाणार कुठे? नवीन भाग बसवलेली गाडी खाली उभी होती, आणि तिच्यातून मुंगीला घेऊन कुठेतरी निघून जावं असं मला रोज वाटायचं. किल्ली हातात घ्यायचे आणि परत खिळ्याला लावायचे. निघून जायचं तर कुठे? परत यावं लागलं असतं ते याच दारातून.

काल दुपारी कंपनीचा माणूस एक पाकीट देऊन गेला. भाऊजी ते घेऊन स्वयंपाकघरात आले. मी मुंगीला भरवत होते, सासूबाई ओट्याशी होत्या.

"वहिनी, हे वाच. साहेबांनी फोनवर समजावून सांगितलंय, पण तू वाच. पाच वाजेपर्यंत सही करून पाठवायचंय."

एकच पान होतं. मी मोठ्याने वाचायला लागले. प्रशिक्षण मिळालेलं असूनही मी निष्काळजीपणाने चुकीची नोंद केली. स्क्रीनवर 'भाग उपलब्ध नाही' हा तिसरा पर्याय सुरुवातीपासून उपलब्ध होता. माझ्या हातून झालेल्या एकशे सव्वीस नोंदी कंपनी दुरुस्त करत आहे. खाली सहीची जागा.

"सही केली तर गोदामात बदली," भाऊजी म्हणाले. "पगार थोडा कमी. पण नोकरी राहते. नाही केली तर उद्यापासून येऊ नको."

"कर आणि मोकळा हो," सासूबाई म्हणाल्या. पाठमोऱ्याच. "कागदावरच्या शब्दांनी कुणाचं पोट दुखत नाही."

मी तिसऱ्या पर्यायाची ओळ पुन्हा वाचली. हा कागद सुरक्षा कार्यालयात गेला की काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. एका वर्कशॉपमधल्या एका माणसाची चूक. एकशे सव्वीस गाड्या लाल, बाकीच्या हिरव्याच्या हिरव्या. चौऱ्याण्णवाचे फार तर त्र्याण्णव पॉइंट काहीतरी. माझी गाडी तर दुरुस्त झालीच होती. मुंगीला काही होणार नव्हतं. मी म्हटलं असतं, करा सही, तर सासूबाई संध्याकाळी मुंगीला मध्ये न घेता माझ्याशी बोलल्या असत्या. मला ते इतकं हवं होतं की मुंगीचा घास मी स्वतःच्याच तोंडात घातला.

"भाऊजी, तिसरं बटण होतं का?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत नाही. मी कधी स्क्रीन पाहिली नाही. तुम्ही सांगितलं ते मी बोलले. होतं का?"

"नव्हतं."

"इथे होतं असं लिहिलंय."

"म्हणजे तू खोटी पडशील, असंच ना?" ते जरा कडवट हसले.

"मी पडेन ते पडेन. पण तुम्ही वाचायला दिलंत म्हणून सांगते. करू नका."

ओट्यावर भांडं आपटल्याचा आवाज झाला. भाऊजींनी फोन उचलला, साहेबांना लावला, आणि आमच्यासमोरच बोलले. "साहेब, एक ओळ चुकलीय. तिसऱ्या पर्यायाची. ती काढा, बाकी सगळ्याखाली सही करतो. निष्काळजी म्हणा, काहीही म्हणा." मग बराच वेळ ऐकत राहिले. "नाही, वहिनीने नाही शिकवलं... हो, इथेच आहे ती... बरं, म्हणजे तुम्हाला तीच ओळ पाहिजे." फोन ठेवला.

सासूबाईंनी हात पुसले. माझ्याकडे न बघता मुंगीला माझ्या मांडीवरून उचललं, तिचं खरकटं तोंड पदराने पुसलं आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लावून घेतलं. आतून मुंगी म्हणत होती, आता, आता.

पाच वाजायला चाळीस मिनिटं होती. भाऊजी खुर्चीवर बसले, मी जमिनीवरच. पान आमच्या दोघांच्या मध्ये होतं आणि पेन त्यावर. त्यांनी एकदा पेन उचललं. त्यांनी टोपण लावलं, परत काढलं, आणि घड्याळाकडे बघत बसून राहिले.